घरात कसर आहे

पहिला दगड खळीच्या पातेल्यात पडला. दादानं ती नुकतीच स्टोव्हवरून उतरवली होती. पुठ्ठे चिकटवायची मैद्याची खळ, रटरट उकळणारी. ती उडाली त्याच्या दंडावर आणि थोडी माझ्या सलवारीवर. दुसरा दगड काच फोडून आत आला. तिसऱ्याची वाट न बघता दादा दारात जाऊन उभा राहिला आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा ओरडला, "लपून काय मारताय रे भाडखाऊंनो? समोर या की!"

गल्लीत कुणी नव्हतं. म्हणजे होते सगळे, पण दारांच्या आड.

"दादा, आत ये. दंड बघ किती भाजलाय."

"तू गप. हे सगळं तुझ्या त्या चाळणीनं केलंय."

खरं होतं त्याचं, आणि म्हणूनच माझं डोकं फिरलं. खोटं ऐकून मला हसू येतं आणि खरं ऐकून राग येतो, असली मी बाई आहे. मी पर्स उचलली आणि निघून आले. त्याच्या दंडाला साधं बर्नॉलही लावलं नाही.

मी केतकी शिराळकर. खडकोलीच्या कीटक-प्रथिन केंद्रात शास्त्रज्ञ होते. सदानंद माझा मोठा भाऊ. गल्लीचा सदाभाऊ, माझा दादा, कागदी गल्लीतला शेवटचा बायंडर. माझ्याहून चौदा वर्षांनी मोठा. मला त्यानंच वाढवलं, वेण्या घातल्या, डबे दिले आणि जुनी पुस्तकं बांधून पीएच.डी.पर्यंत शिकवलं. आणि मी शिकून त्याच्या दारावर लाल पाटी लावली.

चाळणी, म्हणजे आमच्या केंद्राचा संगणक-प्रोग्राम, काय होती ते आधी सांगते, कारण नंतर तिच्याविषयी ज्याला जे सुचलं ते त्यानं लिहिलं. किड्याचं अंग प्रथिनांचं असतं. प्रथिन म्हणजे एक माळ, वीस तऱ्हेच्या मण्यांची. ही माळ स्वतःभोवती गुंडाळून एक आकार घेते आणि आपल्या रक्तातले पहारेकरी तो आकार ओळखतात. काही माणसांचे पहारेकरी भांडखोर असतात. झुरळाची वाळकी धूळ नाकात गेली तरी ते शत्रू आल्यासारखे तुटून पडतात, आणि त्या मारामारीत माणसाचाच श्वास कोंडतो. यालाच आपण अ‍ॅलर्जी म्हणतो. गंमत अशी की झुरळाच्या स्नायूतली एक माळ आणि कोळंबीच्या स्नायूतली माळ जवळजवळ एकच. त्यामुळं झुरळाच्या धुळीनं धापा टाकणाऱ्या काही जणांचे ओठ कोळंबीच्या कालवणानंही सुजतात.

पूर्वी कुठला किडा कुणाला बाधतो हे कळायला कातडीवर टोचून बघावं लागे. चाळणीला त्याची गरज नव्हती. घरात सापडणाऱ्या चारशेवर किड्यांच्या माळा तिच्यात भरल्या होत्या. त्यांचे ऐंशी-ऐंशी मण्यांचे तुकडे ती आधीच्या ठाऊक असलेल्या बाधणाऱ्या माळांशी ताडून बघे, मग आकार मांडून बघे, आणि सांगे की हा किडा बाधणार, हा नाही. दहांत नऊ वेळा तिचं बरोबर निघे. दहावी चूक आम्ही प्रयोगशाळेत पकडत असू. या कामाचा मला अजूनही अभिमान आहे आणि तो लपवायचं मला काही कारण दिसत नाही.

भानगड झाली ती पुढच्या टप्प्यात. घराघरात कुठला किडा आहे हे चाळणीला कळणार कसं? आरोग्यसेविका घरी जात, बायकांशी बोलत आणि बाहेर पायरीवर बसून फोनमध्ये आपल्या भाषेत जे पाहिलं-ऐकलं ते बोलत. फॉर्म नाही, टिकमार्क नाही. चाळणी त्या बोलण्यातून किड्यांचे शब्द वेचायची, आजाराचे शब्द वेचायची, दोन्ही जुळवायची. जुळलं की त्या घराच्या दारावरची काचेची पाटी लाल व्हायची आणि मुलांना गोड औषधाची बाटली घरपोच यायची. भांडखोर पहारेकऱ्यांना झोपवणारं औषध. रोज रात्री आठला एक झाकण.

मार्चमध्ये चाळणीनं आख्खी कागदी गल्ली लाल केली. एकशे बारा घरांपैकी एक्याण्णव घरांत एकच किडा: कसर. जुनं पुस्तक उघडलं की चंदेरी, चपटं, शेपटीला तीन केस असलेलं काहीतरी सुर्रकन पळतं ना, ती कसर. पुस्तकं खाते. तिच्या स्नायूतली माळही झुरळ-कोळंबीच्या कुळातलीच. आणि नेमक्या ज्या घरांत कसर, त्याच घरांत मुलांना खोकला आणि धाप. इतका जुळून आलेला आलेख मी जन्मात पाहिला नव्हता. आमचे प्रमुख मोहोळकर सर यांनी केंद्रात पेढे वाटले. मीही दोन खाल्ले.

मग प्रश्न आला की एवढी कसर आली कुठून? त्याला काय अक्कल लागते? गल्लीत जुन्या कागदाचं दुकान एकच. तिथल्या धुळीचा नमुना घेतला, त्यात कसरीचं प्रथिन निघालं. कुठल्याही बायंडरकडं निघालं असतं. पण नकाशावर दादाच्या दुकानावर मोठा लाल ठिपका पडला आणि तो नकाशा गल्लीतल्या प्रत्येकाच्या फोनवर होता.

"माझ्या दुकानात कसर?" दादा हसला होता तेव्हा. "प्रत्येक फळीवर वेखंडाची पुडी आहे. खळीत मोरचूद घालतो. इथं कसर आली तर दोन दिवसांत मरून पडेल. डोळे आहेत ना तुला? बघ की!"

"डोळ्यांना दिसत नाही म्हणून तर मशीन लागतं."

"मशीनला दिसतं काय? त्याला कुणीतरी सांगितलेलं असतं."

मी त्याला वेड्यात काढलं. चौथी नापास माणूस मला शिकवणार! दारावर दगड पडायला लागले ते त्यानंतर.

दादाच्या समोरच्या घरात नंदू लोखंडे राहायचा. टेम्पो चालवायचा. बायको रेशमा, थोरली आरोही सात वर्षांची, धाकटी चिमी तीनची. आरोही सतत दादाच्या दुकानात. कातरलेल्या कागदाच्या पट्ट्या गोळा करायची, त्यांच्या बांगड्या करून हातभर घालायची. दादा तिला 'मालकीणबाई' म्हणायचा. गल्ली लाल झाली त्या दिवसापासून नंदूनं तिला दुकानाची पायरी बंद केली, आणि औषधाच्या बाबतीत तो असा काटेकोर झाला की आमच्या सेविका त्याचं उदाहरण द्यायच्या. फोनवर आठचा गजर. टेम्पो घेऊन बाहेरगावी असला तरी व्हिडिओवर बघायचा, रेशमा झाकण नीट भरतेय की नाही.

"म्याडम, दोन म्हैने झालं, एकबी डोस चुकला न्हाई," मला त्यानं रस्त्यात थांबवून सांगितलं. "पर खोकला काय हटंना. पोरगी निस्ती वाळत चाललीया."

"घरातली कसर गेल्याशिवाय कसा हटेल? देत राहा तुम्ही. शाब्बास."

मी शाब्बास म्हणाले. तो शब्द माझ्या जिभेवरून आजवर उतरलेला नाही.

रविवारी सकाळी आरोहीला फिट आली. दोन दिवस डोकं दुखतंय म्हणत होती, उलट्या करत होती, मान लाकडासारखी ताठ झाली होती. दवाखान्यात नेईपर्यंत संपली. दवाखान्यातल्या पडद्यावर तिचं नाव टाकताच चाळणीचं निदान आलं आणि डॉक्टरनं तेच उतरवून काढलं: अ‍ॅलर्जीचा तीव्र झटका. उत्तर आधीच समोर असलं की तपासायचे कष्ट कोण घेतो?

मी स्मशानात गेले होते. दादाही आला, अंगात धुतलेला सदरा घालून. तो पुढं झाला तसा नंदूनं त्याच्या छातीत गुडघा घातला. दादा खाली पडला. नंदू त्याच्या बरगडीत लाथा घालत होता आणि प्रत्येक लाथेला ओरडत होता, "माझ्या पोरीला किड्यांनी खाल्लं! आन् तू मातीला येतोस? तोंड दाखवतोस?" चार जणांनी त्याला ओढला. ओढता ओढता त्यातल्याच एकानं दादाच्या तोंडावर पाय दिला. दादाच्या नाकातून रक्ताची धार लागली. मी धावले, पण मनात काय होतं सांगू? मनात होतं की नंदूचं चुकलं काय? मी कितीदा सांगितलं होतं, दुकान बंद कर म्हणून!

घरी आणून त्याच्या नाकात कापूस घालताना मी ते बोललेही.

"दुकान बंद केलं की मीच केलं असं होईल," दादा म्हणाला. "मालकीणबाईला मी मारलं असं होईल. ते मी मरेपर्यंत होऊ देणार नाही."

"मग तुझ्या दुकानात कसर आहे हे सिद्धच करून दाखवते तुला," मी म्हटलं.

आधीच्याच आठवड्यात मी हट्टानं त्याच्या दुकानात आणि गल्लीतल्या पंधरा घरांत चिकट सापळे ठेवले होते. मंगळवारी सकाळी ते गोळा करून केंद्रात नेले. दुकानातल्या आठ सापळ्यांत मिळून कसरी दोन. पंधरा घरांत मिळून एकही नाही. झुरळं होती, मुंग्या होत्या, एक पाल होती. कसर शून्य.

घरात किडा नाही, तर एक्याण्णव घरांत चाळणीला तो सापडला कुठं? मी सेविकांची मूळ ध्वनिमुद्रणं उघडली. वर्षभरात ती कुणी ऐकलीच नव्हती. ऐकायची काय गरज, चाळणी ऐकत होती ना! पहिलंच लोखंड्यांचं घर. सेविका शेवंताकाकू माने, तीस वर्षं याच गल्लीत फिरलेल्या. पायरीवर बसून बोलत होत्या, मागं कुणाचा तरी कुकर वाजत होता.

"लोखंड्यांच्या घरी कसर हाय. थोरलीला हाय, धाकटीला बी हाय. दिस मावळला की चढती. खोकतात दोघी बी. थोरली लई वाळलीया."

दिवस मावळला की चढते. किडा कसा चढेल?

मी तीन वेळा ऐकलं. चौथ्यांदा ऐकायची हिंमत झाली नाही. अंगात कसर असणं म्हणजे बारीक ताप असणं. आमच्या भागात कुठलीही म्हातारी हेच म्हणते. पोराच्या कपाळावर हात ठेवते आणि म्हणते, कसर आहे गं अजून. शेवंताकाकू एक्याण्णव घरांत जाऊन तापच सांगत होत्या. आणि किड्यांच्या शब्दांची यादी कुणी केली होती? मी. एका दुपारी, चहा पिता पिता: झुरळ, ढेकूण, वाळवी, कसर, टोके. मी बायंडरच्या घरची, मला कसर म्हटलं की पुस्तकच दिसायचं. तापाच्या शब्दांची यादी शहरातल्या एका बाईंनी केली होती. त्यांनी ताप लिहिलं, ज्वर लिहिलं, कणकण लिहिलं. त्यांना वाटलं झालं.

रोज संध्याकाळी चढणारा बारीक ताप, न हटणारा खोकला, वाळत जाणारी पोरं, दाट वस्ती. हे शाळेतल्या पोरालाही ओळखता येईल. क्षय होता तो. गल्लीभर क्षय पसरला होता आणि आम्ही किडे मोजत होतो. आणि ते औषध! अ‍ॅलर्जीत पहारेकरी उगाच भांडतात म्हणून त्यांना झोपवायचं. पण क्षयाच्या जंतूंना अडवायला त्या पहारेकऱ्यांशिवाय अंगात कोण असतं? आम्ही त्यांना रोज रात्री आठला झोपवत होतो. आरोहीचा क्षय मेंदूपर्यंत गेला होता. ताठ मान, उलट्या, फिट. अ‍ॅलर्जीनं कुणाची मान ताठ होते का? मी स्मशानात उभी राहून हे ऐकलं होतं आणि मला कळलं नव्हतं.

मी मोहोळकर सरांना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"गुरुवारी बैठक आहे," ते म्हणाले. "तोवर तोंडातून अवाक्षर काढू नका."

"सर, पोरं आज रात्री आठला ते औषध पिणार आहेत!"

"केतकीबाई, एका शब्दावरून आख्खा प्रकल्प बुडवायचा का? आधी लेखी द्या. नीट, व्यवस्थित भाषेत."

आणि मी बसले लिहायला! कपाळ माझं. उठून गल्लीत जायचं, दारं वाजवायची, तर मी 'सविनय निवेदन' लिहीत बसले. चाळीस मिनिटं. तीन वेळा 'गंभीर' खोडून 'विचारार्ह' लिहिलं. तेवढ्यात शेवंताकाकूंचा फोन आला.

"बाई, पळत या. राख सावडून आल्यात समदी. सदाभाऊला धरलंय."

भर दुपार होती, एक वाजला असेल. गल्लीच्या तोंडालाच पुस्तकं जळत होती. दादानं बांधून ठेवलेले वाचनालयाचे खंड, शाळांची हजेरीपुस्तकं, कुणाच्या कुणाच्या पोथ्या. माणसं फळ्याच्या फळ्या बाहेर आणून ओतत होती आणि रॉकेल शिंपडत होती. मी ओळखत होते सगळ्यांना. दूधवाला होता. माझ्या वर्गातला दिगंबर होता, हातात गज घेऊन. आणि धूर छातीत गेल्यावर सगळे खोकत होते. धुराच्या आधीपासून खोकत होते.

दुकानात शिरताना कुणीतरी माझ्या तोंडावर कोपर मारलं. एक दात तुटून जिभेवर आला. मी तो थुंकले आणि पुढं घुसले.

बांधलेलं पुस्तक दाबून ठेवायला बायंडरकडं शिकंजा असतो. दोन जाड लोखंडी पाट्या, वर मोठा स्क्रू, आणि स्क्रूच्या डोक्यातल्या भोकात घालून फिरवायचा हातभर दांडा. दादाचा उजवा हात त्या पाट्यांमध्ये होता. दोघांनी त्याला मागून धरलं होतं. त्याचं डोकं फुटलं होतं, डावा डोळा रक्तानं बंद झाला होता. नंदू दांडा फिरवत होता. त्याच्या मनगटाला राख लागलेली होती, पोरीची.

"बोल! किती पोरं खाल्लीस? बोल!"

दादा नुसता कण्हत होता.

मी ओरडले, कुणाला ऐकू गेलं नाही. पाटावर दादाचं दाभण पडलं होतं, पुस्तक शिवायचं. मी ते उचललं आणि नंदूच्या मांडीत मुठीपर्यंत घातलं. तो किंचाळला आणि वळला, त्यानं माझा गळा धरला आणि भिंतीवर आपटलं. त्या आपटण्यात माझ्या तोंडातून शब्द निघाले.

"किडा नव्हता! नंदू, किडा नव्हता! शेवंताकाकूंनी कसर म्हटलं ते अंगातली कसर! ताप! आरोहीला क्षय होता!"

"काय?"

"मशीनला कळलं नाही. तो शब्द किड्यांत मी घातला. ते औषध क्षयात चालत नाही, त्यानं वाढला. दादानं काही केलेलं नाही. माझी चूक आहे. मारायचं तर मला मार."

शेवंताकाकू दारातून ओरडल्या, "व्हय रं नंद्या! म्या तापच सांगितला व्हता! किड्याचं म्या कवा बोल्ले?"

दुकानातली माणसं थांबली. नंदूचे हात माझ्या गळ्यावरून सुटले. त्याचा चेहरा लहान पोरासारखा झाला.

"म्हंजी त्या बाटलीनं गेली ती?"

दुसरं कुणी असतं तर सांभाळून बोललं असतं. मला जमत नाही. "हो," मी म्हटलं.

"बाटली तर म्या पाजली. रोज."

"हो."

मला वाटलं, आता सोडेल. खरं कळलं की माणूस थांबतो असा माझा समज होता, इतकी मी शिकलेली. नंदू वळला. त्यानं दोन्ही हात दांड्यावर ठेवले आणि आख्खा एक फेरा फिरवला. रडत होता ढसाढसा, आणि फिरवत होता. दादाची बोटं मोडल्याचा आवाज मी ऐकला. दादाच्या तोंडून जे निघालं त्याला किंकाळी म्हणता येणार नाही. नंदूनं दुसऱ्या फेऱ्याला जोर लावला.

"चिमीला पण तेच आहे!" मी ओरडले. "चिमीला क्षयच आहे! अजून वाचेल ती! घरात बाटली आहे, रेशमा आजही पाजेल तिला!"

तो जागच्या जागी थांबला. मग पळाला. वाटेतल्या माणसांना धक्के मारत, लंगडत, मांडीत दाभण तसंच घेऊन पळाला. "रेश्मे! रेश्मे, बाटली फोड!" असं ओरडत गल्ली ओलांडून गेला. आणि त्याच्या हातात शिकंज्याचा दांडा होता.

बाकीचे कुणाकडंच न बघता बाहेर पडू लागले. जाता जाता दिगंबरनं दादाच्या पाठीत गज हाणलाच. का, ते त्यालाही सांगता आलं नसतं. तेवढ्यात बाहेरची आग उंबऱ्यावरच्या रद्दीला लागली. कोरडा कागद, रॉकेल, वर लाकडी माळा. भपकन पेटलं, आणि दार दिसेनासं झालं. शेवंताकाकूंचा आवाज पलीकडून येत होता, पाणी आणा म्हणून.

मी स्क्रू हातांनी फिरवू पाहिला. हलेना. हातोडीनं मारलं, तर प्रत्येक घावाला दादा गुरासारखा ओरडायचा. भोकात घालायला काही मिळेना. कात्री घातली, ती मोडली. शिकंजा भिंतीत रोवलेला. वरच्या फळीवरचे पुठ्ठे पेटून खाली पडायला लागले.

"केते," दादा म्हणाला. त्याचा आवाज एकदम नेहमीसारखा झाला होता, काम सांगतानाचा. "रापी घे."

रापी म्हणजे चामडं कापायचं रुंद पातं. त्याचं पातं वस्तऱ्याइतकं धारदार असायचं.

"नाही. दादा, नाही. दांडा घेऊन येतील कुणीतरी."

"धूर बघ. कुणी येत नाही. तीनच अडकलीत, अंगठा आणि तर्जनी बाहेर आहेत. सांध्यात घाल. हाडावर घातलीस तर पातं अडकेल."

"मला नाही जमणार."

"पुठ्ठा कापतेस तसं. पट्टी लाव, वर बघू नकोस, एका दमात ओढ. मी शिकवलंय तुला."

करंगळी एका दमात झाली. तिच्या शेजारच्या बोटाला दोनदा ओढावं लागलं. मधल्याला किती वेळा, ते मी मोजलं नाही. दादा माझ्या खांद्यात दात रोवून उभा होता, त्याचे व्रण अजून आहेत. मग मी त्याला पाठीवर घेतलं आणि मागच्या न्हाणीच्या खिडकीतून दोघं बाहेर पडलो. त्याचा सदरा पेटला होता तो मी हातांनीच विझवला.

पोलिसांनी पुढं विचारलं, बोटं कुणी कापली? मी कापली म्हणून सांगितलं. नंदूच्या वकिलाला ते फार उपयोगी पडलं. पडू दे. चौकशी समितीनं अहवालात 'भाषिक त्रुटी' असं लिहिलं आणि मोहोळकर सर सन्मानानं निवृत्त झाले. मी त्याच मंगळवारी दवाखान्याच्या पायरीवरून गल्लीतल्या प्रत्येक घराला फोन लावला, बाटल्या फेका म्हणून सांगितलं. आठवड्याभरात सत्तावन्न मुलांना क्षय निघाला. दोन गेली. बाकीची औषधावर आहेत. चिमीचं वजन वाढतंय.

दादा माझ्याशी अकरा दिवस बोलला नाही. मी डबा न्यायची, तो भिंतीकडं तोंड करून डाव्या हातानं जेवायचा. बाराव्या दिवशी त्यानं डबा बाजूला सारला.

"तो शब्द तुला दुसऱ्या अर्थानं ठाऊकच नव्हता का गं?"

"तुझी शपथ, दादा. लोक म्हणतात ते कानावर असेल कधीतरी. पण लिहिताना आठवला नाही. मला कसर म्हटलं की किडाच."

त्यानं बँडेजचा हात मांडीवर घेतला.

"आई गेली ते वर्ष आठवतंय? तू सहाची होतीस."

"नाही आठवत."

"क्षय होता तिला. रोज संध्याकाळी अंगात कसर असायची. तू शाळेतून आलीस की दप्तर टाकून तिच्या अंथरुणाकडं धावायचीस आणि मी दारात आडवा व्हायचो. म्हणायचो, जाऊ नको, आईला कसर आहे." त्यानं डाव्या हातानं डोळे पुसले. "मग तू काय करायचीस, ते पण नाही आठवत?"

मी मान हलवली.

"फळीवरची पुस्तकं एकेक करून काढायचीस, पायरीवर न्यायचीस आणि झटकायचीस. रोज. अंधार पडेपर्यंत. मला वाटायचं, पोर खेळतंय. खेळू दे म्हटलं."